वीस मिनिटं कळ, चाळीस मिनिटं मोकळी

कासारवडवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. पहिलटकरीण आहेत, एकतिसावा आठवडा चालू आहे, नोकरीला ऐरोलीला जातात. प्रश्न थोडक्यात असा: डॉक्टरांनी बाळंतपणाच्या पूर्वतयारीचे वर्ग सुचवले आहेत, तिथे माइंडफुलनेस (म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) आणि वेदनेबद्दलची माहिती असं दोन्ही शिकवतात. जाऊबाई म्हणतात, पैसे पाण्यात घालू नकोस, ऐन वेळी यातलं काही आठवत नाही. सांगलीहून आई म्हणते, आम्ही कुठे शिकायला गेलो होतो? मोबाइलवर ध्यान लावून पाहिलं, तर डोळे मिटल्याबरोबर धडधड वाढली. मग या सगळ्याने कळा कमी होतात का? आणि शेवटी एपिड्युरल (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतून सुईने देतात ती भूल) घ्यायचंच असेल तर हा खटाटोप कशाला?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्यात नौपाड्यात अठरा वर्षं गर्भवतींचे वर्ग घेते. डॉक्टर आणि घरचे हो म्हणाले तर लेबर रूममध्येही सोबत थांबते. त्या अनुभवावरून लिहिते आहे; तुमच्या तब्येतीचे निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचेच.

आधी सरळ उत्तर देते. कळा कमी होत नाहीत. निदान तुम्हाला अपेक्षित आहे तशा तर नाहीच. कोणी वर्गाच्या जाहिरातीत ‘वेदनारहित नॉर्मल डिलिव्हरी’ लिहिलं असेल तर त्या जिन्याची पायरी चढू नका.

पण तुमचा खरा प्रश्न हा नाहीच, असं मला वाटतं. तुम्ही मध्येच एक वाक्य लिहून गेलात: ‘दुखण्याची इतकी भीती नाही, माझ्याच्याने झेपलंच नाही तर काय, याची आहे.’ हा निराळा प्रश्न आहे, आणि याच्यासाठी मात्र पुष्कळ काही करता येतं.

माझीच एक चूक सांगते, म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल. वर्ग सुरू केले तेव्हा मीही गोड बोलायचे. कळेला कळ म्हणायचं नाही, ‘लाट’ म्हणायचं. दुखतंय म्हणायचं नाही, ‘दाब जाणवतोय’ म्हणायचं. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी वागळे इस्टेटमधली एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत नियमित. बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर भेटायला आली. बाळ माझ्या हातात दिलं, पाण्याचा ग्लास संपवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुम्ही मला खोटं सांगितलंत. इतकं दुखलं की मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. बाकीच्यांना लाट येते आणि मला एकटीला कळ येतेय.” तिला भांडायचं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. तिचं बाळंतपण डॉक्टरी भाषेत अगदी सुरळीत झालं होतं. सुरळीत चाललेली गोष्ट तिला आठ-नऊ तास अपघातासारखी वाटत राहिली, आणि ते केवळ मी शब्द चुकीचे दिले म्हणून. त्या दिवसापासून मी कळेला कळ म्हणते.

पुढे वाचताना समजलं की हे मोजूनही पाहिलेलं आहे. कॅनडात मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक हे वेदनेच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांनी १९८१ साली सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणींच्या वेदना मोजल्या. पूर्वतयारीचे वर्ग केलेल्या बायकांचे आकडे थोडे कमी आले, पण थोडेच. वेदना तीव्रच होती, आणि वर्ग केलेल्यांतल्याही बहुतेकींनी एपिड्युरल घेतलं. म्हणजे जाऊबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

मग वर्गात शिकवायचं काय? मी दोन गोष्टी शिकवते: हे दुखणं कसलं आहे, आणि दुखत नसताना काय करायचं. दुसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. तिच्याकडे येतेच, पण आधी पहिली.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. कळ येते तेव्हा तिचा वरचा भाग आवळतो आणि खालचा भाग वर ओढला जातो. त्या ओढीने पिशवीचं तोंड पातळ होतं, उघडत जातं, शेवटी दहा सेंटीमीटरपर्यंत. स्नायू आवळलेला असतो तेवढा वेळ त्याला रक्त कमी मिळतं, तोंड ताणलं जातं, आणि या दोन्हींची खबर मज्जारज्जूत साधारण छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर जाते. तिथेच कमरेच्या कातडीची आणि स्नायूंची खबरही येत असते, म्हणून पोटात चाललेलं काम कमरेत दुखतं. कित्येकींना वाटतं कंबर धरली, गॅस झाला. शेवटच्या टप्प्यात बाळ खाली उतरलं की दुखण्याची जागा आणि जातच बदलते: माकडहाडाशी दाब, शी लागल्यासारखी जोर करायची उबळ. हे आधी माहीत नसलं तर बायका लाजेने तो जोर दाबून धरतात. मी हे वर्गात मोठ्याने, नवऱ्यांसमोर सांगते. दोन मिनिटं सगळे जमिनीकडे बघतात, मग प्रश्न सुरू होतात.

आता मुद्द्याचं. वेदना ही नुसती नसेतून आलेली तार नसते, ती तार वाचून मेंदूने काढलेला निष्कर्ष असतो. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव म्हटलं आहे. साधं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात पायाला काही टोचलं तर आपण खाली बघतो, खडा काढतो, पुढे जातो. तेच टोचणं पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी गुडघाभर गढूळ पाण्यात झालं तर? काळजात धस्स होतं, पाय बधिरतो, घरी पोहोचेपर्यंत तो ठणकत राहतो. खडा तोच असेल कदाचित. फरक एवढाच की काय टोचलं ते कळलं नाही. बाळंतकळांची माहिती घ्यायची ती पाणी नितळ व्हावं म्हणून.

ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३०-४० च्या दशकांत भीती, ताण आणि वेदना यांचं चक्र मांडलं. भीती वाटली की अंग आवळतं, आवळलं की जास्त दुखतं, दुखलं की आणखी भीती. यात तथ्य आहे. घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, आणि ते कळांना मंद करू शकतं. घरी जोरात चाललेल्या कळा हॉस्पिटलच्या दारात शिरताच विरळ होतात, हे आम्ही नेहमी बघतो. पण भीतीच नसेल तर निरोगी बाईला दुखायलाच नको, इथवर त्यांचं म्हणणं जायचं, आणि तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. कारण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की दुखलं तर तो तुमच्या मनाचा दोष. बाळंतिणीच्या डोक्यावर आधीच पुरेसं ओझं असतं.

पूर्वी कल्याण-डोंबिवलीच्या फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. आता बहुतेक मेल-एक्सप्रेसच जातात, पण माझ्या वयाच्या सगळ्यांच्या कानात तो आवाज आहे. बोगदा १९१६ सालचा, लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. आत शिरलं की एकदम अंधार, धडधडाट, बोलणारे गप्प. मिनिट-सव्वा मिनिटाने उजेड. एका भरातल्या कळेचा वेळ साधारण तेवढाच: पाऊण ते दीड मिनिट. बोगद्यात कोणी उठून डब्याच्या दाराकडे धावत नसे. ‘हा संपतो’ हे अंगाला ठाऊक होतं. आपल्याकडे धीर धर म्हणताना ‘जरा कळ काढ’ म्हणतात, तेव्हा ती कळ अशी एका बोगद्याएवढी असते. अख्ख्या रात्रीची एकदम काढायची नसते.

आता हिशोब करू. कळा भरात आल्या, दर तीन मिनिटांनी एक, आणि प्रत्येक एक मिनिटाची, असं धरू. तासाला वीस कळा, म्हणजे वीस मिनिटं दुखणं. उरलेली चाळीस मिनिटं? अंग तेव्हा मोकळं असतं. गर्भाशय सैल, बाळाला रक्त नीट मिळतंय, दुखणं जवळजवळ नाही. पण बाईला विचारलं तर ती सांगते, तासभर सलग दुखत होतं. ती खोटं बोलत नाही. त्या चाळीस मिनिटांत तिचं मन आधीच्या कळेत किंवा पुढच्या कळेत होतं. खांदे वर, दात आवळलेले, नजर घड्याळावर.

माइंडफुलनेस त्या वीस मिनिटांचं फार काही करत नाही. ती चाळीस मिनिटं परत मिळवून देतो. अठरा वर्षांत मला पटलेली गोष्ट हीच.

वर्गात हे मी बर्फाने दाखवते. कल्पना माझी नाही. बाळंतपणासाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम १९९८ मध्ये अमेरिकेत नॅन्सी बार्डॅकी या नर्स-मिडवाइफनी बसवला, त्यातला हा प्रकार. त्यांचा आधार जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये, जुनाट दुखण्याच्या रुग्णांना घेऊन सुरू केलेला उपक्रम. ‘म्हणजे इगतपुरीच्या विपश्यनेसारखंच का?’ असं हमखास कोणीतरी विचारतं. भावंडंच आहेत ती. फक्त दहा दिवस मौन धरायचं नाही, आणि पोट सांभाळून हवं तसं बसायचं.

तर बर्फ. मी घरून स्टीलच्या डब्यात तुकडे आणते. पहिलं मिनिट काहीही न सांगता मुठीत धरायला देते. एकदा पोलिसातले एक दणकट गृहस्थ होते, बाविसाव्या सेकंदाला ‘हॅ’ करून त्यांनी तुकडा डब्यात टाकला. शेजारी त्यांची बायको मिनिटभर धरून होती आणि त्यांच्याकडे बघून हसत होती. मग दोन मिनिटं सुट्टी. मग दुसरं मिनिट, या वेळी सूचना देऊन: थंडी नेमकी कुठे आहे ते बघा. तळव्याच्या मध्यात की बोटांच्या पेरांत? टोचतंय की जळतंय? वाढतंय की तिथेच आहे? श्वास बाहेर सोडताना खांदे सोडा. बहुतेक जणी म्हणतात, थंडी तेवढीच होती पण मिनिट लवकर गेलं. इथवर सगळेच वर्ग करत असतील. मला रस असतो तो मधल्या दोन मिनिटांत. त्या सुट्टीत मी फक्त बघते. सगळ्यांचे हात कोरडे, मांडीवर ठेवलेले, आणि सगळ्यांची नजर त्या स्टीलच्या डब्यावर! खांदे वर चढलेले. बर्फ कोणाच्याच हातात नाही आणि सगळे बर्फ धरून बसलेत. हे मी बोलून दाखवलं की खोलीत जो हशा होतो, त्यात माझा अर्धा वर्ग झालेला असतो.

दुसऱ्या सुट्टीत मग मी त्यांना काम देते. हात कोरडा झाला, तो कोरडेपणा बघा. पंख्याचा वारा गळ्याला लागतोय का? जमीन कुठे टेकली आहे? पुढचं मिनिट येईल तेव्हा येईल.

याने काय साधतं याबद्दलचं संशोधन मी वाचलं तसं सांगते, वाढवून नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पहिलटकरणींवर एक छोटा प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम तीसेक बायका. माइंडफुलनेसचा अडीच दिवसांचा वर्ग केलेल्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला, उदासीची लक्षणं कमी झाली आणि बाळंतपणानंतरही कमी राहिली. पण कळा कमी दुखल्या असं त्यांनी सांगितलं नाही, आणि एपिड्युरलचं प्रमाणही घटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या लॉरा व्हिटबर्न, माझ्याच व्यवसायातल्या, यांनी बाळंतिणींच्या मुलाखती घेतल्या. त्यात दोन मनोवस्था दिसल्या: एक, जे चाललंय त्यात राहून ते येऊ देणारी, दुसरी, विखुरलेली आणि हवालदिल. एकाच बाईच्या एकाच बाळंतपणात दोन्ही येऊ शकतात, आणि कुठली येईल हे आजूबाजूच्या माणसांवरही ठरतं. मी जे रोज बघते त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

आता तुमची धडधड. हे अनेकींचं होतं आणि मोबाइलवरचा तो मंजुळ आवाज त्यावर काहीच सांगत नाही. ज्यांना मुळात काळजीची सवय आहे, त्यांनी डोळे मिटून छातीत लक्ष नेलं की काळजीला मोकळं रान मिळतं. तुम्ही डोळे उघडे ठेवा. श्वासावर लक्ष नकोच, तळपायांवर ठेवा. घरात अनवाणी, हळू, दहा पावलं इकडे, दहा तिकडे. टाच टेकली, चवडा टेकला, बस. किंवा खिडकीशी उभं राहून पाच आवाज मोजा. घोडबंदर रोडवर राहता, आवाजांना तोटा नाही. हाही माइंडफुलनेसच आहे. मात्र धडधडीबरोबर झोप उडाली असेल, रडू येत असेल, आधीचा गर्भपात किंवा एखादा वाईट अनुभव पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर वर्गावर भागवू नका. डॉक्टरांना सांगून समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही, आणि तो माझ्या हातचा भागही नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेलं पुष्कळ आहे, तेही सांगायला हवं. बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असेल तर कंबर मधल्या वेळातही पुरती सुटत नाही; मग सजगतेपेक्षा ओणवं होणं आणि कमरेवर कोणीतरी मुठीने दाबणं जास्त उपयोगी पडतं. गुडघा आपटला की आपण आधी चोळतो ना, तेच. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ‘फाटका’चा सिद्धांत मांडला, त्यात याचं कारण आहे: स्पर्शाच्या तारा मज्जारज्जूतच दुखण्याच्या तारांना काही अंशी अडवतात. सलाइनमधून कळा वाढवायचं औषध दिलं तर कळा लवकर जोरात येतात, चढण हळूहळू मिळत नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या सुमाराला तर मधला वेळ इतका आखूड होतो की माझा चाळीस मिनिटांचा हिशोब तिथे कोलमडतो. अगदी शहाण्यासुरत्या, सराव केलेल्या बायका तेव्हा ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. म्हणू द्यावं. तो टप्पा बहुतेक वेळा फार लांबत नाही.

जाऊबाई म्हणाल्या, ऐन वेळी आठवत नाही. खरं आहे. म्हणून आठवावं लागेल असं काही शिकायचंच नाही. चार प्रकारचे श्वास, त्यांची नावं, कुठला कधी, हे सगळं मी बंद केलं. एकच ठेवलं: श्वास आत आपसूक येऊ द्यायचा, बाहेर लांब सोडायचा, सोडताना जबडा आणि खांदे ढिले. एका कळेत असे सहा ते आठ श्वास बसतात. सहा श्वास आणि बोगदा संपला. भराभरा धापा टाकायच्या नाहीत, त्याने बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि बाई आणखी घाबरते. ओरडावंसं वाटलं तर ओरडा, फक्त आवाज खालच्या पट्टीत, पोटातून. सिनेमात बाळंतीण किंचाळते ते कॅमेऱ्यासाठी.

हा एक श्वास अंगवळणी पडायला तुमच्याकडे आठ-नऊ आठवडे आहेत, भरपूर झाले. रोज पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त मी कोणाला सांगत नाही कारण कोणी करत नाही. शिवाय तुमचा ऐरोलीचा प्रवास आहेच. कापूरबावडीला गाडी अडकली, मागून हॉर्न सुरू झाले, की तेच तुमचं बर्फाचं मिनिट. चीड कुठे जाणवते? मानेत, पोटात? सहा श्वास. गाडी सुटली की मोकळ्या रस्त्याकडे बघायचं, पुढच्या सिग्नलकडे नाही. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, घोडबंदर रोडनेच माझी निम्मी तयारी करून घेतली.

सोबतीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण एकाच गोष्टीवर जोर द्यायचा असेल तर मी यावर देईन. लेबर रूममध्ये सतत कोणीतरी सोबत असण्यावर २६ अभ्यासांचा, पंधरा हजारांहून अधिक बायकांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. सोबत असलेल्यांचं बाळंतपण थोडं लवकर उरकलं, सिझेरियन कमी झाली, वेदनेची औषधं कमी लागली, आणि ‘अनुभव वाईट होता’ म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एका स्त्री नातेवाइकाला राहू द्यायला मान्यता दिली. खासगीत मात्र जिथली तिथली पद्धत. तेव्हा आधी विचारून ठेवा.

पण सोबतीचं माणूस तयार हवं. घाबरलेलं माणूस आत नेणं म्हणजे भीतीची दुसरी बाटली लावणं. मी नवऱ्यांना आणि आयांना काय बोलायचं नाही ते आधी शिकवते. ‘अजून काहीच नाही, खऱ्या कळा पुढेच आहेत’ हे वाक्य तर मी कानांनी शेकडो वेळा ऐकलंय, कधी घरच्यांकडून, कधी तिथल्या मावशींकडून. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या एका वाक्याने बाईची पुढची चाळीस मिनिटं जातात. त्याऐवजी कळ उतरायला लागली की दोनच शब्द: “ही गेली.” मग पाणी, कपाळ पुसणं, खांद्यावर हात ठेवून “हे सोड.” घणसोलीचा एक नवरा होता, जेमतेम बोलणारा. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत त्याने प्रत्येक कळेनंतर ‘ही गेली’ एवढंच म्हटलं. नंतर बायको म्हणाली, त्याचा आवाज आला की मला झोप लागायची. दोन मिनिटांची झोप! तीन सेंटीमीटर ते आठ सेंटीमीटर ती मधूनमधून चक्क घोरत होती.

एपिड्युरलचं. घ्यायचं असेल तर निवांत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात वेदनेसाठी श्वसन, शिथिलीकरण, माइंडफुलनेस, मालिश हेही आहे आणि एपिड्युरलही आहे, एकाच यादीत. त्याच वर्षीच्या मोठ्या आढाव्यानुसार एपिड्युरलने सिझेरियनची शक्यता वाढत नाही. तरीही सराव वाया जात नाही. कळा सुरू झाल्यापासून सुई लागेपर्यंत काही तास तुमचे तुम्हालाच काढायचे असतात. सुई टोचताना कळ चालू असली तरी पाठ वाकवून न हलता बसायचं असतं. आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतातच असं नाही. बोलावल्यावर येतात, रस्ते मोकळे असले तर लवकर येतात.

सिझेरियन झालं तरी तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत जवळजवळ निम्मी बाळंतपणं, सत्तेचाळीस टक्के, सिझेरियनने झालेली दिसतात. म्हणून फक्त ‘नॉर्मल’ची तयारी करून घेणारा वर्ग अर्ध्या बायकांना तोंडघशी पाडतो. माझ्याकडची एक, खारघरची, नऊ सेंटीमीटरला बाळाचे ठोके उतरले म्हणून दहा मिनिटांत थिएटरमध्ये गेली. टेबलावर हुडहुडी भरली होती, पडद्यापलीकडे काय चाललंय कळत नव्हतं. ती सांगते, मी भुलेमुळे पाय शोधू शकत नव्हते, म्हणून हाताची बोटं मोजत बसले. जमलं तिला.

जाता जाता: गर्भसंस्काराचे वर्ग आणि हे एक नव्हेत. तिथे गाणी, श्लोक, ओव्या असतात, मन प्रसन्न राहतं, जरूर जा. पण कळ आली की कंबर कोणी कशी दाबायची हे तिथे बहुधा शिकवत नाहीत.

आणि वेदनेची माहिती घ्यायची म्हणजे ‘सगळं दुखणं चांगलंच’ असं समजून घरी बसायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. पोट मध्ये सैल न होता दगडासारखं कडक राहिलं, अंगावरून लाल रक्त गेलं, पाणी गेलं (हिरवट असेल तर विशेषच), बाळ कमी हलू लागलं, डोकं फुटेल असं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, सदतीस आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने कळा सुरू झाल्या, तर ध्यान नाही, श्वास मोजणं नाही, फोन आणि गाडी. एरवी पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभराची कळ, तासभर टिकून येऊ लागली की निघायचं, असं साधारण सांगतात. पण संध्याकाळी कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे तुम्ही जाणता, तेव्हा तुमचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पुढच्या तपासणीला तीन गोष्टी विचारा: सोबत कोण आत येऊ शकतं, कळांमध्ये मला चालता-बसता येईल का, आणि रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. वर्ग निवडताना मात्र एकच विचारा, सोबतीच्या माणसाला आत बसू देता का. नाही म्हणाले तर दुसरा शोधा.

राहता राहिल्या सांगलीच्या आई. ‘आम्ही कुठे शिकायला गेलो होतो’ म्हणणाऱ्या आया माझ्या वर्गात दर बॅचला एक-दोन असतातच, लेकीबरोबर कोपऱ्यात खुर्चीवर बसतात. बर्फ त्यांनाही देते. मिनिटभर धरतात, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. कसं जमलं विचारलं तर, “काय करणार, धर म्हणालात, धरलं.” मग मी विचारते, तुमच्या बाळंतपणात खोलीत कोण होतं? तेव्हा बऱ्याच जणी थोडा वेळ काही बोलत नाहीत. आई आठव्या-नवव्या महिन्यात येतील तेव्हा तुम्हीही त्यांना हे विचारा. त्या काय सांगतात ते ऐका, आणि मग ठरवा, आत तुमच्याबरोबर त्या येणार की तुमचा नवरा.